दोन दिवसांत बेळगाव: चारही दिशांना धावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून चौघं येताय, तुम्ही नवरा-बायको, बहात्तर वर्षांचे बाबा आणि सातवीतली मुलगी. ऑगस्टअखेरचा शनिवार, सकाळी रेल्वेनं उतरणार आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. यादीत बेळगावचा किल्ला, गोकाकचा धबधबा, राजहंसगड, हलशी, कित्तूर, सौंदत्तीची यल्लम्मा आणि शेवटी ‘वेळ उरला तर आंबोली’. बाबांचे गुडघे दुखतात. कन्नड कुणालाच येत नाही. आणि बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, चांगला कसा ओळखायचा, हा मुलीचा प्रश्न.

‘वेळ उरला तर आंबोली’ वाचून हसू आलं, राग मानू नका. बावीस वर्षं मी पाहुण्यांना हा मुलूख दाखवतोय, आधी रिक्षातून आणि आता दोन गाड्यांमधून. दर आठवड्याला अशी एक यादी माझ्या हातात येते. नकाशावर सगळं जवळ दिसतं त्याला कारण आहे. बेळगाव मधोमध बसलंय आणि त्याच्या चारी बाजूंना वाटा फुटतात. गोकाक ईशान्येला, सौंदत्ती पूर्वेला, कित्तूर आणि खानापूर दक्षिणेकडं, चंदगड-आंबोली पश्चिमेला. प्रत्येक वाट एकेकटी चांगली आहे. पण एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जायचं तर बहुतेक वेळा परत बेळगावात यावं लागतं. म्हणून माझा नियम एकच: पहिला दिवस गावाला, दुसरा दिवस एकाच दिशेला. कुठली दिशा ते सांगतो, पण आधी गोकाकचं बघू. तुमच्या यादीत ते दुसऱ्या नंबरवर आहे आणि मला ते काढायचंय.

गोकाक वाईट आहे असं कोण म्हणेल! घटप्रभा तिथं साधारण 52 मीटर खाली उडी घेते. भर पावसात पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि आवाज गाडीची काच वर असली तरी ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात याच पाण्यावर सूतगिरणी उभी राहिली. नदीवरचा झुलता पूल दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा आहे. पण जायला साठेक किलोमीटर, यायला तेवढेच, आणि ऑगस्टच्या शनिवार-रविवारी अख्खा जिल्हा तिकडं लोटतो. काही वर्षांमागं सांगलीकडचं एक कुटुंब हट्टानं तिकडं घेऊन गेलो. धबधब्याच्या अलीकडं दोन किलोमीटरवर गाड्यांची रांग लागलेली. पाणी चढल्यामुळं पूल बंद. तीन वाजता पोचलो, वीस मिनिटं लांबून पाहिलं, मक्याची कणसं खाल्ली आणि रात्री दहाला बेळगावात परत. त्यांच्या आजींना फक्त बेळगावातल्या कपिलेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. देऊळ तोवर बंद झालेलं. त्या मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून गोकाक मी त्यांनाच सुचवतो ज्यांच्याकडं मधल्या वाराचा एक आख्खा दिवस मोकळा आहे.

सौंदत्तीची यल्लम्मा तुमची कुलदेवता असेल तर गोष्ट वेगळी, मग बाकी सगळं सोडा आणि तिकडंच जा. नुसतं बघायचं म्हणून जाणार असाल तर पुढच्या खेपेला.

आता शनिवार. स्टेशनवरून उतरून आधी रूमवर जा, बाबांना पाठ टेकू द्या. कॉलेज रोड किंवा स्टँडच्या बाजूला उतरलात तर किल्ला दहा-पंधरा मिनिटांवर. नाश्त्याला कुठल्याही उडपी हॉटेलात उप्पीट मागा. उपमा म्हणालात तरी मिळेल, पण आम्ही उप्पीट म्हणतो. नऊच्या सुमारास किल्ल्यात शिरा, फार उशीर करू नका. का ते बसदीत, म्हणजे किल्ल्यातल्या जैन मंदिरात, कळेल.

किल्ला म्हटल्यावर पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर सिंहगड येतो आणि बाबांचे गुडघे आठवतात. घाबरू नका. हा भुईकोट आहे, खंदकानं वेढलेला, सपाट. गाडी आत जाते. दरवाजाशी दुर्गेचं आणि गणपतीचं देऊळ आहे, तिथं हात जोडून पुढं व्हायचं, ही इथली रीत. आतला बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे. पाटी दिसेल तिथं फोटो काढू नका आणि ओळखपत्र जवळ ठेवा. 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं तीन आठवडे वेढा घालून हा किल्ला घेतला आणि त्यानंतर हळूहळू शेजारी कँप, म्हणजे लष्करी छावणी, वसला. म्हणून आजही आमच्या गावाचे दोन चेहरे आहेत. एकीकडं गल्ल्या, दुसरीकडं झाडांच्या सावलीतले सरळ रस्ते.

किल्ल्यात पहिली कमल बसदी. घाईचं माणूस इथं दहा मिनिटं थांबतं, मी चाळीस मिनिटं थांबवतो. सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्यानं आपली राजधानी वेणुग्रामला, म्हणजे आजच्या बेळगावला आणली होती. चौथा कार्तवीर्य राजा असताना त्याचा मंत्री बीचिराज यानं 1204 मध्ये हे जिनालय उभारलं. आत नेमिनाथ आहेत. चपला, कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. आणि आत गेल्यावर लगेच मूर्तीकडं धावू नका. मंडपाच्या मधोमध उभे राहा आणि वर बघा.

छताच्या घुमटातून दगडी कमळ खाली लोंबतंय. पहिल्या नजरेला ते नुसतं कोरीव झुंबर वाटतं. डोळे अंधाराला सरावले की पाकळ्या सुट्या होतात आणि पाकळ्यांवर छोट्या छोट्या आकृत्या दिसायला लागतात. ते तीर्थंकर. भूत, वर्तमान आणि भविष्य, तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस, मिळून बहात्तर. मुलीला मोजायला लावा. मी शेकडो वेळा मोजलेत आणि दर वेळी चाळिशीच्या पुढं मान अवघडते, मग बायको म्हणते तसं ‘आहेत म्हणतात ना, आहेत’. बाबांना मात्र मान वर करून फार वेळ ठेवू नका. त्यांना खाली खांबापाशी बसवा. दगड काळा आणि इतका घोटलेला आहे की बाहेर कुणी दारातून गेलं की त्याची सावली खांबात सरकते. सकाळचा उजेड दारातून तिरका येतो तेव्हाच हा खेळ दिसतो. दुपारनंतर सगळा काळाच काळा. नऊचा आग्रह त्यासाठी.

या बसदीचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. हे सांगितलं की दहातले आठ पाहुणे हळहळतात आणि मग पाच मिनिटांत दाराशी सेल्फी काढतात. चालायचंच. शेजारी आणखी एक लहान बसदी आहे, तिला चिक्क बसदी म्हणतात. चिक्क म्हणजे धाकटी. तुमचा पहिला कन्नड शब्द झाला.

तिथून सफा मशीद. आदिलशाहीचा सरदार असदखान यानं सोळाव्या शतकात बांधलेली. शुक्रवार सोडून गेलं तर निवांत असते. तिथल्या माणसाला विचारून, डोकं झाकून आत जायचं. आतल्या खांबांकडं नीट पाहिलं की हे खांब मशिदीहून जुने आहेत हे न सांगता कळतं. दोन खांबांवर लेख आहेत, भाषा कन्नड आणि लिपी नागरी. एक 1199 चा, रट्टांचा. दुसरा 1261 चा, यादव कृष्णाच्या काळातला, म्हणजे देवगिरीच्या यादवांचा. मी पाहुण्यांना इथं फक्त एवढंच सांगतो की भाषा एक आणि लिपी दुसरी, हे आठशे वर्षांपूर्वी या गावात कुणाला खटकत नव्हतं. पुढं ज्याचं त्यानं समजावं.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून इथं आले ते गावात, रिसालदार गल्लीत, भाटे वकिलांच्या घरी उतरले. नंतर हरिपद मित्र नावाच्या बंगाली वन अधिकाऱ्याकडं राहिले. आश्रम हरिपद मित्रांच्या जागी आहे, आणि भाट्यांचं घरही स्मारक म्हणून जपलंय. मला त्या सगळ्यात आवडतो तो भाटे घराण्यातल्या मुलानं पुढं लिहून ठेवलेला प्रसंग. जेवण झाल्यावर संन्याशानं पान-सुपारी मागितली आणि एक-दोन दिवसांत तंबाखूही. घरातली मंडळी चकित झाली. संन्यासी म्हणजे कसा असावा याचं जे चित्र त्यांच्या डोक्यात होतं त्याला तडा गेला. आणि त्याच माणसानं पाणिनीवर बोलायला सुरुवात केली तेव्हा घरचे पुन्हा चकित. रिसालदार गल्ली अरुंद आहे, गाडी बाहेर लावून चालत जा. बाबांचा त्या दिवशी गुडघा बरा असला तरच.

एवढ्यात साडेबारा-एक होतो. परत रूमवर या आणि दोन तास झोपा, खरंच. पाहुणे हे ऐकत नाहीत, आणि मग संध्याकाळी सगळे चिडलेले असतात.

साडेतीनला निघून टिळकवाडी. 1924 च्या डिसेंबरात 26 आणि 27 तारखेला काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकाच अधिवेशनाचे, ते हे. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळा डोलारा उभा केला. प्रतिनिधींच्या पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर अजून आहे. काँग्रेस विहीर विचारा, कुठलाही रिक्षावाला नेतो. अकरा वर्षांची गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात गांधीजींसमोर गायली होती. तुमची मुलगी साधारण तेवढीच, तिला विहिरीच्या काठाशी हे सांगा. इथं वीस मिनिटं पुष्कळ झाली. वाटेत राणी पार्वतीदेवी कॉलेज लागेल. पु. ल. देशपांडे काही काळ तिथं शिकवायला होते. बाबांच्या पिढीच्या माणसाला गेटसमोर गाडी थांबवून एवढं सांगितलं तरी त्यांचा दिवस साजरा होतो, हा माझा अनुभव आहे.

मग शहापूर-वडगाव. इथं मी मुद्दाम वेळ ठेवतो आणि बहुतेक याद्यांमध्ये हे नसतंच. आज पाहुण्याला कळणारही नाही, पण बेळगाव इंग्रजांचं होतं आणि शेजारचं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. सोनं आणि लुगडी, या दोन गोष्टींवर शहापूरची पेठ वाढली. शहापुरी लुगडं आमच्या आज्यांच्या पेटीत असायचंच. वडगाव आणि खासबागच्या गल्ल्यांत शिरलात की आधी आवाज येतो. घराघरांतून यंत्रमाग खटाखट चाललेले असतात, आणि सगळे एका तालात नसतात, त्यामुळं गल्लीभर पाऊस पडतोय असं वाटतं. दारात उभं राहून ‘बघू का जरा?’ एवढं विचारा. क्वचितच कुणी नाही म्हणतं.

मी नेतो त्या एका घरात मागावरची मावशी साठीच्या पुढची आहे. तिच्या हाताखाली धागा तुटला की माग थांबतो, ती चष्मा कपाळावर सरकवते, दोन टोकं बोटांत धरते, जरा थुंकी लावून पीळ देते, आणि आपण ‘गाठ कुठंय?’ म्हणेपर्यंत माग पुन्हा चालू. गाठ दिसत नाही. एका पाहुणीनं तिला विचारलं, हे शिकायला किती दिवस लागले? मावशी म्हणाली, ‘शिकूलोय अजून.’ साडी घ्यायची असेल तर घ्या, नाही घेतली तरी चहा मिळेल. घासाघीस मात्र विणकराच्या दारात करू नका, ती पेठेतल्या दुकानात करा.

अंधार पडायच्या आत कपिलेश्वर. जुनं शिवस्थान, आमच्याकडं दक्षिण काशी म्हणतात. तिथून पुढं गल्ल्यांमध्ये पायी: गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार. इथं बघायचं असं काही नाही, फिरायचं. शनिवारी बाजाराला खेड्यापाड्यांतून माणूस येतं, गर्दी असते. जवारी काकडी, जवारी वांगी, सुपातली ताजी भाजी. जवारी म्हणजे गावरान. किर्लोस्कर रोडवरून जाताना मुलीला सांगा, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते या गावात. लोखंडी नांगरही इथंच घडायला लागले, आणि 1910 मध्ये जागेच्या अडचणीमुळं ते औंध संस्थानात गेले, तीच किर्लोस्करवाडी. त्या रस्त्यावर उभं राहिलं की मला दर वेळी वाटतं, आमच्या गावानं आणखी थोडी जागा दिली असती तर! असो. तिथंच हुतात्मा चौक आहे. तुम्ही मराठी माणसं, विचारणारच, म्हणून सांगतो: 17 जानेवारी 1956 नंतर सीमाप्रश्नात जे गेले त्यांची ती आठवण. दोन मिनिटं थांबा. चर्चा रिक्षावाल्याशी सुरू केलीत तर रात्रीचं जेवण चुकेल.

गणेशोत्सव त्याच आठवड्यात आला तर हा सगळा बेत उलटा करा, पेठ सकाळी आणि किल्ला दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी गल्ल्यांत गाडी शिरत नाही, आणि विसर्जनाची मिरवणूक तर दुसरा दिवस उजाडला तरी चालूच असते.

रविवारी दिशा एकच: दक्षिण. खानापूर, हलशी, देगाव, कित्तूर असा गोल फेरा होतो आणि आल्या वाटेनं परत यावं लागत नाही. म्हणून मी ही दिशा निवडतो. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. या फेऱ्यात नवऱ्यानं आणि बायकोनं बांधलेली दोन देवळं एका दिवसात बघून होतात.

सातला निघा. खानापूरला चहा घ्या. पुढं नंदगड लागतं. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला 1831 मध्ये इंग्रजांनी इथं फाशी दिलं. त्याचं स्मारक आहे. तिथून हलशी जवळच. बेळगावापासून एकूण चाळीसेक किलोमीटर, पण पावसाळ्यात रस्त्याला खड्डे असतात, दीड तास धरा. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. आज ते भातशेतीतलं शांत खेडं आहे. भूवराह-नरसिंहाचं देऊळ गावातच, पायऱ्या फारशा नाहीत, बाबा आरामात येतील. गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी याच्या राज्यात 1169 च्या सुमाराला हे झालं. याची गंमत अशी की गाभारे दोन आहेत आणि ते समोरासमोर. एकात नरसिंह, दुसऱ्यात भूवराह, आणि मधल्या मंडपात आपण. कुणाकडं पाठ करायची हा पेच पडतो. पुजारी सांगतील तसं करा, मी अजून तिरका उभा राहतो. पावसात देवळाच्या दगडावर शेवाळ धरतं. घसरगुंडी होते, बाबांच्या हाताला धरा. सुवर्णेश्वराचं मोडकळलेलं देऊळही जवळ आहे. पाऊस नसेल तर तिकडं एक चक्कर.

हलशीहून बिडीमार्गे कित्तूरकडं. कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर देगाव आहे, वाट विचारत जा. तिथं कमल नारायणाचं देऊळ. शिवचित्ताची राणी कमलादेवी, तिनं 1174 मध्ये तिप्पोज नावाच्या शिल्प्याकडून हे करवून घेतलं. तीन गाभारे. एकात नारायण, एकात मांडीवर लक्ष्मी घेतलेला लक्ष्मीनारायण, एकात स्वतः कमला. राणीनं आपल्या नावाच्या देवीला स्वतंत्र खोली दिली, यावर माझी बायको फार खूश आहे. आणि वर बघा, छताला पुन्हा दगडी कमळं. शनिवारी बसदीत पाहिलेलं कमळ आठवेल. देगावची तीस वर्षं आधीची, एक वैष्णव आणि एक जैन, राज्यंही वेगळी. छिन्नी चालवणारे हात मात्र एकाच परंपरेतले असणार, असं मला वाटतं. मी काही पुराणवस्तू खात्याचा माणूस नव्हे. पण दोन्ही छतं लागोपाठच्या दिवशी बघा आणि तुम्हीच सांगा.

देगावला बहुतेक वेळा देवळात आपण चौघंच असतो. हॉटेल नाही, पाणी सोबत ठेवा. एवढं मोठं काम आणि एवढी सामसूम, हे पुण्याकडच्या माणसाला खरं वाटत नाही.

कित्तूरला थोडक्यात आटपलं तरी चालेल. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्माच्या सैन्यानं इंग्रजांना इथं हरवलं, कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढं राणी पकडली गेली आणि 1829 मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारली. वाड्याचे अवशेष आणि संग्रहालय तासाभरात होतात. जेवण हायवेवर. भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी. ज्वारीची भाकरी कडक हवी की मऊ ते आधी सांगायचं, कडक म्हणालात तर पापडासारखी येते आणि बाबांच्या दातांची पंचाईत. कित्तूरहून बेळगाव पन्नास किलोमीटर, रस्ता चांगला. चार-साडेचारला परत.

राजहंसगड यादीत आहेच. येळ्ळूरचा हा गड पंधरा किलोमीटरवर, गाडी वरपर्यंत जाते, वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि 2023 मध्ये बसवलेला शिवरायांचा मोठा पुतळा. रविवारी परत आल्यावर आभाळ मोकळं असेल तर पाचला जाऊन सूर्य बुडताना खाली येळ्ळूरची भातं बघा. धुकं उतरलं असेल तर पुतळाही दिसत नाही, मग हट्ट नको. छत्री तिकडं उलटी होते, रेनकोट आणा.

भाषेचं: गावात मराठीवर सगळं चालतं. रिक्षा, हॉटेल, दुकान, देऊळ, कुठंच अडणार नाही. पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून बसची पाटी वाचायच्या भरीला न पडता कंडक्टरला विचारा. कित्तूर-देगावकडं कन्नड जास्त. तिथं ‘नमस्कार री’ म्हणून सुरुवात करा. कुणाच्याही मागं ‘री’ लावलं की ‘अहो’ म्हटल्यासारखं होतं. समोरचा ‘बर्री’ म्हणाला तर तो आत या म्हणतोय. पुढच्या वेळी तारखा ठरवताना मात्र दोन गोष्टी बघा. 1 नोव्हेंबरला इथं एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन, त्या दिवशी फिरायला येऊ नये. आणि डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा गावात रूम मिळत नाही.

आता कुंदा. दूध आटवत आटवत त्यात थोडं दही पडतं, त्यानं ते रवाळ फुटतं, आणि साखर जरा करपवून घातली की तो तपकिरी रंग येतो. चांगला कुंदा बोटात दाबला की रवा लागतो आणि तूप बोटाला राहतं. गुळगुळीत लागला तर तो पेढ्याचा भाऊ. फार काळपट असेल तर साखर जास्त करपलीय. दुकानात ‘आजचा आहे का?’ विचारा आणि चव मागा, लाजू नका, सगळे देतात. शनिवारी घेऊ नका, रविवारी गाडीला जाताना घ्या. दोन-तीन दिवसांच्या पुढं टिकवायचा तर फ्रिज हवा.

मुलीसाठी मांडेही घ्या. इथं लग्नात मांडे लागतातच. पालथ्या घातलेल्या भांड्याच्या तापल्या पाठीवर कागदासारखी पातळ पोळी टाकतात, तिच्यावर पिठीसाखर आणि खसखस भुरभुरतात आणि गरम आहे तोवर घडी घालतात. गार झाली की ती घडी काचेसारखी. मनातले मांडे पुण्यात पुष्कळ खाल्ले असतील, हे तोंडातले. पण रेल्वेत वरच्या बर्थवर बॅगेखाली ठेवलेत तर घरी पोचेपर्यंत चुरा. हातात धरा किंवा मुलीच्या मांडीवर द्या. चुरा झालाच तर दुधात घालून खातात, आमच्याकडं मुद्दाम करूनही खातात.